थंडीपेक्षा धुराला भ्या

डिसेंबर उजाडला की मनाली-काश्मीरला निघालेली मंडळी दवाखान्यात येऊ लागतात. मागणी ठरलेली : सर्दीची गोळी, गाडी लागते त्याची गोळी आणि 'थंडी सोसेल ना, डॉक्टर?' हा प्रश्न. थंडीची धास्ती सगळ्यांना असते. धुराची कोणालाच नसते, आणि माझ्या मते ती आधी हवी.

जानेवारी 2022 मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फ पाहायला आलेल्या पर्यटकांच्या हजारो गाड्या हिमवादळात रस्त्यावरच अडकल्या. किमान 22 जण गेले, त्यांत लहान मुलेही होती. काही थंडीने, तर काही गाडीतच गुदमरून गेल्याचे तेव्हा सांगण्यात आले. गुदमरणे कसे होते? इंजिन चालू, हीटर चालू, काचा बंद. मागे सायलेन्सरचे तोंड बर्फाने बुजले की धूर गाडीत शिरतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते. झोपलेला माणूस उठतच नाही.

खोलीतही तेच. जानेवारी 2020 मध्ये नेपाळातील दामन येथे केरळचे आठ पर्यटक बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपले. आठही जण दगावले. हॉटेलवाला अगत्याने निखाऱ्यांची शेगडी आणून देतो, तिचेही तसेच. झोपण्यापूर्वी ती बाहेर ठेवावी आणि दोन रजया जास्त मागाव्यात.

पंचाईत अशी, की विरळ हवेचा त्रासही डोकेदुखी आणि मळमळीनेच सुरू होतो. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथे 'उंचीमुळे होतंय, जरा झोप' असा सल्ला सहज दिला जातो. हीटर किंवा शेगडी पेटलेली असेल तर झोपवू नका, आधी बाहेर मोकळ्या हवेत आणा. गाडी अडकली तर सायलेन्सरभोवतीचा बर्फ काढूनच इंजिन लावा, तेही तासाला दहा मिनिटे, आणि एक काच थोडी खाली ठेवा. ब्रँडीने ऊब येते हा गैरसमज आहे. कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटते आणि शरीराची उष्णता मात्र निघून जाते.

खरा राग मला सहलींच्या वेळापत्रकाचा येतो. सहा दिवसांत सात ठिकाणे, आणि शेवटच्या संध्याकाळी विमान! डिसेंबर 2018 मध्ये सिक्कीममध्ये नथुलाहून परतणारे सुमारे अडीच हजार पर्यटक बर्फात अडकले. लष्कराने त्यांना सोडवून आपल्या बराकींत निवारा दिला. घाट बंद झाला तर थांबता यावे, एवढा एक दिवस मोकळा नको? तिकीट बुडेल म्हणून ड्रायव्हरला 'काढ गाडी' म्हणणारे आपणच असतो. पैसे भरण्यापूर्वी कंपनीला तो मोकळा दिवस मागा. देत नसेल तर दुसरी कंपनी पाहा.