यंत्रे बसविली, माणसे केव्हा घडविणार?

मुंबईची तहान भागविणाऱ्या भातसा धरणाने शहापूर तालुक्याला काय दिले, याच्या हिशेबात १५ सप्टेंबर १९८३ ही तारीखही धरावी लागेल. त्या दिवशी खर्डी परिसरात सुमारे ४.९ रिश्टरचा धक्का बसला. जलाशयामुळे जमीन हादरू शकते, हे १९६७ साली कोयनेने दाखविलेच होते.

तरीही यंत्र बसविले की कर्तव्य संपले, ही समजूत मोडत नाही. भूकंपाची पहिली लहर खडकातून सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर धावते; ठाण्याचे घड्याळ सेकंदभर चुकले, तर केंद्रबिंदूही काही किलोमीटर ढळतो. तो ठरविण्यास किमान तीन ठाणी लागतात. बॅटरी उतरली वा पावसाचे पाणी खोलीत शिरले की एक ठाणे मुके होते. ते बोलते करण्यास शहरातून अभियंता येण्याची वाट का पाहावी?

डोळखांबकडची शिकलेली ठाकूर-कातकरी मुले घड्याळ जुळविणे, जोडणी दुरुस्त करणे, नोंदी वाचणे सहज शिकतील. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेने हे शिक्षण मराठीतून, धरणाकाठीच द्यावे. आणि शिकलेल्यांना कंत्राटदाराच्या हजेरीपटावर नव्हे, जलसंपदा खात्याच्या कायम आस्थापनेवर घ्यावे.