चावडी कोणाची?

गावातला पार, देवळाचा सभामंडप आणि चावडी या जागांचे एक वैशिष्ट्य असते. तेथे बसणाऱ्याकडे कोणी भाडे मागत नाही, बोलणाऱ्याच्या शब्दांवर कोणी मालकी सांगत नाही आणि कोणा एकाची मर्जी फिरली म्हणून त्या जागा रातोरात नाहीशा होत नाहीत. गेल्या तीस वर्षांत समाजाच्या बसण्या-बोलण्याचा फार मोठा भाग इंटरनेटवर गेला आहे. परंतु तेथील चावडी मात्र मूठभर कंपन्यांच्या आवारात भरते. आवार त्यांचे, कुलूप त्यांचे आणि किल्लीही त्यांचीच. हा प्रश्न संगणकतज्ज्ञांचा आहे, असे म्हणून तो बाजूला सारण्याची सवय आता सोडली पाहिजे.

इंटरनेटची मूळ घडण अशी नव्हती. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ रोजी त्या संस्थेने हे तंत्र जगाला मोफत, कोणत्याही स्वामित्वहक्काशिवाय खुले करून दिले. ई-मेलचेही तसेच. एका कंपनीचा खातेदार दुसऱ्या कंपनीच्या खातेदाराला बिनदिक्कत पत्र पाठवू शकतो, कारण पत्र पोहोचविण्याचे नियम सर्वांना खुले आहेत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतीय नागरिकांसाठी इंटरनेटचे दार उघडले. त्यानंतरच्या वर्षी, १९९६ साली, ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले आणि परदेशी गेलेल्या मराठी माणसाला आपल्या भाषेत चार शब्द बोलण्याची जागा मिळाली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडियाचा आरंभ झाला. या उभारणीमागे भांडवल थोडे आणि हौस, भाषाप्रेम व चिकाटी अधिक होती.

पुढे चित्र पालटले. मोठ्या कंपन्यांनी सोयीस्कर, देखण्या आणि फुकट सेवा आणल्या. त्या सेवांनी लोकांची सोय केली, दुरावलेली माणसे जोडली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. परंतु फुकटाची किंमत उशिरा कळते. याहूने १९९९ साली विकत घेतलेले ‘जिओसिटीज’ २००९ साली बंद केले आणि सामान्य माणसांनी हाताने रचलेली लक्षावधी पाने त्यांच्या मूळ जागेवरून पुसली गेली. भारतीय महाविद्यालयीन तरुणांची एक संपूर्ण पिढी ज्या ‘ऑर्कुट’वर रमली, ते गूगलने ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद केले. ‘याहू ग्रुप्स’मधील वर्षानुवर्षांचा पत्रव्यवहार २०१९च्या डिसेंबरमध्ये संकेतस्थळावरून हटविण्यात आला आणि पुढच्याच वर्षी ती सेवाही संपली. या सर्व प्रसंगी कंपन्यांनी पूर्वसूचना दिल्या, मुदती दिल्या. कायद्याच्या दृष्टीने बोट ठेवण्यास फारशी जागा नाही. पण लिहिणारे हजारो, जपणारे हजारो आणि मिटविण्याचा अधिकार मात्र एकाचा, ही व्यवस्था न्याय्य आहे काय?

अमेरिकेतील ‘रेडिट’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तेथील समूहांची देखरेख प्रामुख्याने बिनपगारी स्वयंसेवक करतात. प्रश्नोत्तरे, माहिती आणि अनुभव यांचा ठेवा सदस्यांनीच उभा केला आहे. २०२३ साली कंपनीने बाहेरच्या ॲप निर्मात्यांकडून भरमसाट शुल्क मागितले. निषेध म्हणून जूनमध्ये हजारो समूहांनी आपली दारे बंद केली. तेव्हा कंपनीने देखरेख करणाऱ्या स्वयंसेवकांनाच बदलण्याचा इशारा दिला. अनेक लोकप्रिय ॲप बंद पडली आणि समूह एकामागून एक पुन्हा उघडले. पुढे २०२४ साली याच सदस्यांच्या लेखनाचा साठा वापरू देण्याचा करार कंपनीने गूगलशी केला. शेत कसणारा एक आणि सातबारा दुसऱ्याच्या नावावर, असा हा प्रकार आहे.

भारताने या बाबतीत एकदा ठाम भूमिका घेतली, याचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. २०१५ साली फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने एक योजना आणली. तिचे पुढे ‘फ्री बेसिक्स’ असे नामकरण झाले. गरिबांना इंटरनेट फुकट देण्याची भाषा होती. प्रत्यक्षात निवडक संकेतस्थळेच फुकट मिळणार होती आणि त्या यादीत शिरण्याच्या अटी फेसबुक ठरविणार होते. ज्याला उरलेले जग पाहायचे असेल, त्याने पैसे मोजावेत. एखाद्या कंपनीने गावाला रस्ता बांधून द्यावा आणि तो फक्त आपण निवडलेल्या दुकानांपर्यंतच न्यावा, तसे हे होते. वृत्तपत्रांतून पानपानभर जाहिराती झळकल्या, वापरकर्त्यांकडून एकाच साच्यातील पत्रे दूरसंचार नियामक प्राधिकरणाकडे पाठविण्याची मोहीम राबविली गेली. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्या पत्रांत नाहीत, हे प्राधिकरणाने स्पष्टपणे सुनावले. दुसऱ्या बाजूने तरुण अभियंते, वकील, नवउद्योजक आणि सामान्य नागरिक इंटरनेट सर्वांना समान राहावे म्हणून उभे राहिले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकूर पाहून वेगवेगळे दर आकारण्यास मनाई केली आणि उल्लंघनासाठी दिवसाला ५० हजार रुपये दंड ठरविला. थोड्याच दिवसांत फ्री बेसिक्सने भारतातून गाशा गुंडाळला. जागृत समाज आणि खंबीर नियामक एकत्र आले, तर जगातील बलाढ्य कंपनीलाही माघार घ्यावी लागते, याचा हा पुरावा होय.

मात्र एका लढाईने युद्ध संपत नाही. भारतीय स्पर्धा आयोगाने २०२२च्या ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइडवरील वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल गूगलला १३३७ कोटींहून अधिक दंड ठोठावला. तरीही १ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून याच गूगलने विवाह जुळविणाऱ्या आणि नोकरी शोधून देणाऱ्या नामांकित भारतीय कंपन्यांची ॲप आपल्या प्ले स्टोअरवरून काढून टाकली. केंद्र सरकारने हस्तक्षेप केल्यावर ती परतली. २०२५च्या जुलैमध्ये तर युरोपीय संघाच्या निर्बंधांनंतर गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण करणाऱ्या नायरा एनर्जीच्या ई-मेलसह अनेक सेवा मायक्रोसॉफ्टने थांबविल्या. कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागले, तेव्हा सेवा पूर्ववत झाल्या. भारतीय भूमीवर, भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या उद्योगाचा टपाल-व्यवहार परदेशातील एका निर्णयाने थांबू शकतो, ही बाब गंभीर आहे.

यावर ‘आपलीही कंपनी काढा’ असे उत्तर तत्काळ दिले जाते. ते अपुरे आहे. २०२० साली मोठ्या अपेक्षेने सुरू झालेले ‘कू’ २०२४च्या जुलैमध्ये बंद पडले आणि तेथे लिहिणाऱ्यांचीही गत तीच झाली. मालक स्वदेशी असला तरी कुलूप ते कुलूपच. खरा भेद देशी-परदेशी एवढाच नसून बंदिस्त आणि खुले असा आहे. याउलट २०१६ साली सुरू झालेली यूपीआय व्यवस्था पाहावी. कोणत्याही बँकेचा खातेदार कोणत्याही ॲपवरून दुसऱ्या बँकेच्या खातेदाराला पैसे पाठवू शकतो, कारण नियम सामाईक आहेत. त्या व्यवस्थेतही बहुसंख्य व्यवहार फोनपे आणि गूगल पे या दोनच ॲपवर एकवटले, हे खरे. पण नाराज ग्राहक आपले बँक खाते न बदलता तिसऱ्या ॲपकडे जाऊ शकतो. संदेशवहनात हेच स्वातंत्र्य का नसावे? युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारविषयक कायद्याने बड्या संदेश सेवांना आपली दारे इतरांसाठी उघडण्याचे बंधन घातले आहे. भारतातही २०२४च्या मार्चमध्ये डिजिटल स्पर्धा कायद्याचा मसुदा प्रसिद्ध झाला. परंतु मसुदा म्हणजे कायदा नव्हे.

शासनाने करावयाचे शासनाने करावे. समाजालाही काही करता येईल. आज कित्येक संस्था, मंडळे आणि कुटुंबे यांचे अहवाल, छायाचित्रे, स्मरणिका आणि निर्णयांच्या नोंदी केवळ व्हॉट्सॲपच्या गटांत साठलेल्या असतात. कार्यकर्त्याचा फोन बदलला की संस्थेचा इतिहास हरवतो. प्रत्येक संस्थेने स्वतःच्या नावाचे, साधे का होईना, संकेतस्थळ ठेवावे. मजकूर युनिकोड देवनागरीत असावा. त्याच्या प्रती दोन-तीन ठिकाणी जपाव्यात. समाजमाध्यमांचा उपयोग निमंत्रण देण्यासाठी करावा, दप्तर ठेवण्यासाठी नव्हे. आपल्या गावाची, तालुक्याची, थोर पुरुषांची साधार माहिती मराठी विकिपीडियावर घालावी. कारण ती कोणालाही उतरवून घेता येते आणि पुन्हा वापरता येते.

ज्या समाजाने शतकानुशतके पोथ्यांच्या नकला करून ज्ञान टिकविले, त्याला हा धडा नवा वाटू नये. एकच प्रत एकाच्याच कडीकुलपात राहिली, तर ती केव्हातरी नष्ट होते. अनेक हातांत गेलेली प्रत टिकते. दुसऱ्याच्या ओसरीवर बसण्यास हरकत नाही, पण आपल्या घराची कागदपत्रे तेथे ठेवू नयेत, एवढे भान या काळात प्रत्येकाने राखले पाहिजे.