नकाशा छापताना पट्टी विसरू नका

काही महिन्यांपूर्वी एका शाळेचे विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग आला. नववीच्या मुलामुलींनी आपल्या प्रयोगशाळेची पुठ्ठ्याची प्रतिकृती करायला घेतली होती. खोली १० मीटर लांब, ७ मीटर रुंद. प्रमाण १:५०. म्हणजे कागदावर लांबी २०० मि.मी. आणि रुंदी १४० मि.मी. यायला हवी. नकाशे त्यांनी संगणकावर, लिब्रेकॅड या मोफत मिळणाऱ्या आज्ञावलीच्या साहाय्याने, मोठ्या काळजीने काढले होते. जमिनीचा नकाशा शाळेतल्या प्रिंटरवर छापला. तेवढ्यात शाई संपली, म्हणून भिंतींचे नकाशे बाहेरच्या दुकानातून छापून आणले. पुठ्ठ्यावर चिकटवून कापले आणि जोडायला घेतले, तो लांब भिंत ८ मि.मी.ने आखूड! मुले एकमेकांच्या कात्रीला दोष देऊ लागली. शेवटी एका मुलीने कंपासपेटीतील पट्टी छापलेल्या रेघेवर ठेवली. २०० ऐवजी १९२ भरले. कात्री निर्दोष होती. चूक छापण्यात झाली होती.

८ मि.मी.ची फट पुठ्ठ्यात क्षुल्लक वाटेल. पण तिला ५० ने गुणा. खऱ्या इमारतीत ती ४० सें.मी. होते. एवढ्या फटीतून माणूस अंग चोरून आत जाऊ शकेल!

हा प्रसंग पाहिल्यापासून माझे असे मत झाले आहे की, संगणकावर आरेखन शिकवताना आपण शेवटची पायरी फार घाईने उरकतो. रेघा कशा काढायच्या, वर्तुळे कशी काढायची, मापे कशी लिहायची हे सारे शिकवले जाते. आणि छपाई मात्र ‘बटण दाबा, कागद येईल’ एवढ्यावर सोडून दिली जाते. वास्तविक नकाशाचे प्रमाण ठरते ते याच पायरीवर.

ते कसे, हे पाहू. हाताने नकाशा काढणारा माणूस पहिली रेघ मारण्यापूर्वीच प्रमाण ठरवतो, कारण १० मीटरची भिंत कागदावर मावत नाही. संगणकावर तशी गरजच नसते. तेथे आपण भिंत तिच्या खऱ्या मापाने काढतो. मिलिमीटर हे एकक धरले, तर भिंत १०,००० एकके लांब. पडद्यावर ती बोटाएवढी दिसो की हाताएवढी, संगणकाच्या दृष्टीने ती १०,०००च राहते. म्हणजे प्रमाणाचा प्रश्न सुटलेला नसतो, फक्त पुढे ढकललेला असतो. तो छपाईच्या वेळी समोर येतो आणि तेव्हा चार गोष्टी ठरवाव्या लागतात. कागद कोणत्या आकाराचा? नकाशातला कोणता भाग छापायचा? कागदावरच्या १ मि.मी.मध्ये नकाशातली किती एकके बसवायची? आणि कोणती रेघ किती जाड? १:५० साठी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘५० एकके’ असे आहे; पण नकाशा मीटर हे एकक धरून काढला असेल, तर तेच उत्तर ‘०.०५ एकक’ होते. हे प्रश्न विचार करायला लावणारे आहेत, आणि तेथेच एक सोपी पळवाट ठेवलेली असते : ‘फिट टू पेज’, म्हणजे जे काही आहे ते कागदात बसव.

ही पळवाट त्या दुकानातल्या यंत्राने घेतली होती. बहुतेक प्रिंटर कागदाच्या अगदी कडेपर्यंत छापू शकत नाहीत. ए-४ कागदाची रुंदी २१० मि.मी. दोन्ही बाजूंना ४ मि.मी.हून थोडी अधिक जागा सुटली, की सुमारे २०१.६ मि.मी. उरतात. पूर्ण पानाचा नकाशा तेवढ्यात बसवायचा म्हणजे तो ९६ टक्के करायचा. यंत्राने सांगितलेले काम चोख केले. नकाशावर ‘प्रमाण १:५०’ ही अक्षरे होती, ती तशीच राहिली. ती खोटी झाली आहेत हे यंत्राला कळण्याचे कारण नव्हते.

मोठी चूक लवकर उघडी पडते. ए-३ कागदासाठी मांडलेला १:५० चा नकाशा ए-४ वर छापला, तर तो सुमारे १:७१ होतो. १ मीटर रुंदीचे दार कागदावर २० मि.मी. असायला हवे, ते १४ मि.मी. भरते. अनुभवी माणूस म्हणेल, ‘हे दार फारच अरुंद दिसते’. पण ९६ टक्क्यांचा नकाशा डोळ्यांना अगदी ठीक दिसतो. म्हणून ४ टक्क्यांची चूक ही ३० टक्क्यांच्या चुकीपेक्षा अधिक धोक्याची असे मी म्हणतो.

कागदाच्या आकारांमागे एक सुंदर गणित आहे. कागदाच्या लांबीचे रुंदीशी गुणोत्तर २ च्या वर्गमुळाइतके, म्हणजे सुमारे १.४१४, ठेवले, तर तो मधोमध दुमडल्यावर प्रत्येक अर्ध्याचे गुणोत्तरही तेच राहते. हा गुण जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७८६ साली एका पत्रात सांगितला होता. जर्मनीत १९२२ साली त्यावर मानक तयार झाले आणि १९७५ साली ते आंतरराष्ट्रीय झाले. ए-० कागद ८४१ गुणिले ११८९ मि.मी., म्हणजे जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर. तो निम्मा करत गेलो की ए-१, ए-२, ए-३ आणि आपला परिचित ए-४. गंमत अशी की, आरेखनातल्या रेषांच्या जाड्याही याच गुणोत्तराने वाढतात : ०.२५, ०.३५, ०.५, ०.७ मि.मी. त्यामुळे ए-३ वरचा नकाशा ए-४ वर आणला, तर ०.३५ ची रेघ ०.२५ ची होते, आणि तीही प्रमाणित जाडीच असते. नकाशे लहान करून छापले जाणार, हे मानके ठरवणाऱ्यांनी गृहीत धरले होते. परंतु लहान केल्यावर बदललेले प्रमाण लिहिण्याचे काम त्यांनी माणसावरच सोडले होते.

पूर्वी ते काम माणूस टाळू शकत नसे. कॅलकॉम्प कंपनीचा ५६५ हा प्लॉटर १९५९ साली आला. अशा यंत्रात कागद रुळावर पुढे-मागे सरके आणि पेन आडवे फिरे. पुढे अनेक पेने धरणारे प्लॉटर निघाले. १९८२ साली ऑटोकॅड बाजारात आले, त्या काळात पडद्यावरचा रंग हा पुष्कळदा रंग नसून पेनाचा क्रमांक असे. लाल रेघ म्हणजे पहिले पेन, पिवळी म्हणजे दुसरे. कोणत्या घरात कोणत्या जाडीचे पेन बसवायचे हे माणूस हाताने ठरवी. मोठा नकाशा उमटायला बराच वेळ लागे, पेन मध्येच सुके, कागद वाया जाई. म्हणून आज्ञा देण्यापूर्वी प्रत्येक जण दोनदा विचार करी. आज पेने गेली, पण रंगावरून रेषेची जाडी ठरवणारा तक्ता अनेक आज्ञावल्यांत अजून टिकून आहे. वेळ आणि कागद वाचला हे चांगलेच झाले. मात्र त्यांच्याबरोबर तो दुसऱ्यांदा केलेला विचारही गेला.

यावर जाणकार वाचक दोन आक्षेप घेतील. पहिला असा की, ‘नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये, लिहिलेली मापेच खरी मानावीत’, हा अभियंत्यांचा नियमच आहे. नियम योग्य आहे, आणि मापे लिहिलीच पाहिजेत. पण जे छापील कागदावरून सरळ कापले जाते, तेथे हा नियम उपयोगी पडत नाही. पुठ्ठ्याच्या भिंती, पत्रा कापण्याचे साचे, शिवणाचे नमुने यांत कागद स्वतःच माप असतो. शिवाय एखादे माप लिहायचे राहून गेले, की हातातली पट्टी नकाशाकडे वळतेच.

दुसरा आक्षेप असा की, आता कागद कशाला, पडद्यावरच नकाशा पाहता येतो. खरे आहे. परंतु पडद्यावर दोन बोटांनी नकाशा मोठा-लहान करता येतो, त्यामुळे तेथे प्रमाण क्षणोक्षणी बदलते. आणि लेझरने कापणारी किंवा त्रिमितीय वस्तू छापणारी यंत्रेही अखेर हाच प्रश्न विचारतात : तुमचे एक एकक म्हणजे किती मिलिमीटर? मिलिमीटरऐवजी इंच असे उत्तर चुकून दिले, तर वस्तू २५.४ पट मोठी होईल. कागद गेला तरी प्रश्न जात नाही.

मग करायचे काय? उत्तर तुमच्या भूगोलाच्या पुस्तकातच आहे. नकाशाप्रमाणाचे तीन प्रकार तुम्ही शिकता : शब्दप्रमाण, अंकप्रमाण आणि रेषाप्रमाण. एक पुरेसे असताना तीन कशाला, असे तुम्हांला वाटले असेल. नकाशा लहान-मोठा छापला, की पहिली दोन खोटी ठरतात. रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच आखडते किंवा वाढते आणि खरे राहते. भूगोलातली ही युक्ती आरेखनाच्या वर्गात का आणू नये?

माझी सूचना अशी आहे. प्रत्येक नकाशाच्या कोपऱ्यात, कागदावर बरोबर १०० मि.मी. भरेल अशी एक रेघ काढावी आणि तिच्याखाली तसे लिहावे. १:५० च्या नकाशात ही रेघ संगणकावर ५,००० मि.मी. लांब काढावी लागेल. याचे कारण विद्यार्थ्याला सांगता आले, तर प्रमाण त्याला समजले असे खुशाल मानावे. ‘प्रमाण १:५०’ एवढेच न लिहिता ‘ए-४ वर १:५०’ असे लिहावे. छापताना ‘फिट टू पेज’ ऐवजी १०० टक्के निवडावे. कागद, प्रमाण आणि रेषांच्या जाड्या एकदा ठरल्या, की ती मांडणी नाव देऊन साठवावी आणि सर्वांनी तीच वापरावी. आणि शिक्षकांनी नकाशाचे गुण पडद्यावर पाहून देऊ नयेत. छापलेल्या कागदावर पट्टी ठेवून द्यावेत. भारतीय मानक ब्यूरोने १९८८ साली शाळा-महाविद्यालयांसाठी अभियांत्रिकी आरेखनाची ‘एसपी ४६’ ही पुस्तिका काढली. कागदांचे आकार, प्रमाणे, रेषांच्या जाड्या हे सारे तीत आहे. ती शाळेच्या ग्रंथालयात असावी.

त्या नववीच्या मुलांनी दुसऱ्या दिवशी भिंती पुन्हा छापून आणल्या. या खेपेस प्रत्येक पानावर १०० मि.मी.ची रेघ होती आणि दुकानात जाताना एकाच्या खिशात पट्टी होती. प्रतिकृती नीट जुळली. तुम्हीही या महिन्यात एवढे करा. शाळेतल्या प्रिंटरवर १०० मि.मी.ची एक रेघ आडवी आणि एक उभी छापा, मोजा, आणि जे भरेल ते प्रिंटरशेजारी भिंतीवर लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांची कात्री तरी बोलणी खाणार नाही.