लाल गाडी आणि सीटबेल्टवरची रेघ

नुसत्या आवाजावरून गाडी ओळखणारा एक तरी मित्र तुमच्या वर्गात असेलच. माझा भाचा त्यातलाच. मुलुंडला राहतो, नोकरीला लागून दोन वर्षं झालीत. एका रविवारी घरी आला आणि म्हणाला, "मामा, मी स्पोर्ट्स कार घेतोय!"

मी चहाचा कप खाली ठेवला. "पैसे किती आहेत?"

"दीड लाख."

आता बोला! स्पोर्ट्स कार म्हटलं की आपल्याला आठवते फेरारी. 2002 मध्ये सचिन तेंडुलकरला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली, किल्ली दिली ती साक्षात मायकेल शूमाकरने. पण ती भारतात आणायची, तर नुसता आयात करच एक कोटीच्या वर! मग दीड लाखात काय येणार? फेरारीचं चाक?

पण भाचा अभ्यास करून आला होता. सचिन तेव्हा फियाटच्या ज्या गाडीची जाहिरात करायचा, ती पालिओ त्याला हवी होती. त्यातही 1.6 लिटरची. दिसायला साधी घरगुती गाडी, पण इंजिन 1596 सीसीचं आणि ताकद सुमारे 100 अश्वशक्ती. त्या काळच्या मारुती 800 ची ताकद याच्या निम्मीही नव्हती. आणि गंमत म्हणजे ही गाडी बनायची घाटकोपरच्या शेजारी, आपल्या कुर्ल्यात! जिथे प्रीमियर पद्मिनी बनायची, त्याच कुर्ल्यात.

बोरिवलीला एक 2002 ची लाल पालिओ विकायला होती. किंमत एक लाख तीस हजार. टोकन म्हणून द्यायचे वीस हजार खिशात घालूनच भाचा निघाला. मी म्हटलं, "थांब. आधी मिस्त्रीकाकांना बरोबर घे." घाटकोपरचे आमच्या ओळखीचे हे मेकॅनिक. हातात फक्त टॉर्च आणि खिशात एक फडकं.

गाडी काय चकाचक होती! नवा रंग, नवी सीट कव्हरं. किल्ली फिरवताच इंजिन गुरगुरलं आणि भाच्याचा हात खिशाकडे गेला.

मिस्त्रीकाका मात्र इंजिनाकडे गेलेच नाहीत. आत बसले आणि सीटबेल्ट ओढू लागले. नेहमी ओढतो तेवढा नाही, अगदी शेवटपर्यंत. बेल्टच्या टोकाजवळ मातकट रंगाची एक आडवी रेघ होती. मग त्यांनी पायाखालचं कार्पेट उचललं. सीटचे बोल्ट गंजलेले, कोपऱ्यात वाळलेला बारीक गाळ.

"ही गाडी पाण्यात बुडून आलीय," काका शांतपणे म्हणाले.

26 जुलै 2005 बद्दल तुमच्या आईबाबांना विचारा. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला होता. कितीतरी गाड्या पाण्याखाली गेल्या. ही तेव्हा बुडाली की नंतरच्या एखाद्या पावसात, ते कोण सांगणार? गाडीचा मालक तिसरा होता, त्यालाही ठाऊक नसावं. बिचारा गप्पच झाला.

बुडालेली गाडी का नको? कारण पाणी ओसरतं, पण गाळ आणि ओल आतच राहते. वायरींचे जोड हळूहळू गंजतात. पत्रा आतून सडतो आणि वरून रंग मात्र झकास दिसतो. मग एक दिवस, भर पावसात, भर हायवेवर गाडी बंद पडते.

भाचा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. वीस हजार खिशातच राहिले, पण तोंड असं, जणू ते हरवलेच!

पुढे दीड महिन्याने अंधेरीला दुसरी पालिओ मिळाली. रंग उडालेला, बंपरवर ओरखडे. पण मालक पहिलाच, आणि प्रत्येक दुरुस्तीचं बिल फाइलला लावलेलं! किंमत ठरली नव्वद हजार. भाच्याने उरलेल्या पैशांकडे बघितलं आणि म्हणाला, "मामा, साठ हजार वाचले!"

"वाचले नाहीत रे," मिस्त्रीकाका हसले. "ते गाडीचेच आहेत."

आणि तसंच झालं. टायमिंग बेल्ट, ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या रबरी नळ्या, चार टायर, सगळं बदललं. रबर न वापरताही म्हातारं होतं बरं का! त्यातून आजच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुन्या नळ्या काही त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. काही सुटे भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर, जुन्या मालाच्या दुकानांत शोधावे लागले.

कागदपत्रंही तपासली. चासी नंबर आरसी बुकाशी जुळतो का? बँकेचं कर्ज बाकी आहे का? खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते. मग दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून ती वाढवून घ्यायची. म्हणजे 2002 च्या गाडीची पाळी 2017, 2022 आणि 2027 ला. आणि 20 वर्षांवरच्या मोटारीला त्याचं शुल्क 2025 पासून 10,000 रुपये झालंय. हाही खर्च किमतीतच धरायचा.

तुम्ही म्हणाल, आम्हाला अजून लायसन्सही नाही, हे सगळं कशाला? अहो, जुनी सायकल घ्या, नाहीतर जुना मोबाइल, हिशोब तोच. चकाकी बघू नका, इतिहास विचारा. आणि सगळे पैसे विकणाऱ्याच्या हातात देऊ नका, तिसरा हिस्सा दुरुस्तीला ठेवा.

आता एक गृहपाठ. खाली जाऊन कुठल्याही मोटारीच्या टायरची बाजू बघा. लंबगोलात चार आकडे दिसतील. समजा 3419 असेल, तर तो टायर 2019 च्या 34 व्या आठवड्यात बनला. तारीख आतल्या बाजूला असली, तर दुसरं चाक बघा. तुमच्या सोसायटीतला सगळ्यात म्हातारा टायर कोणाचा, ते शोधा आणि त्या काकांना सांगाच. त्यांच्या जिवाचा प्रश्न आहे.

भाचा? तो आता रविवारी पहाटे मला ठाण्यापर्यंत फिरवून आणतो. ताकद 100 अश्वशक्तीची, वेग मात्र साठचा. कारण मागच्या सीटवर मिस्त्रीकाका बसलेले असतात!