व्हॅनची पाटी कुठल्या रंगाची?

मंडळी, आज एक छोटंसं काम सांगते. उद्या सकाळी मुलांना शाळेच्या व्हॅनमध्ये बसवलंत की टाटा करून लगेच वळू नका. व्हॅन निघाली की तिची मागची नंबरप्लेट पाहा. नंबर नंतर, आधी रंग!

आमच्या नुंगंबाक्कममध्ये शाळा-कॉलेजं भरपूर. सकाळी आठच्या सुमारास रस्त्यात जिकडे पाहावं तिकडे व्हॅन. एखादी शाळेची पिवळी, एखादी केटरिंगवाल्याची, पातेल्यांनी भरलेली. मधूनच दप्तरं लटकवलेली जुनी मारुती ओम्नी. ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये थांबलं, पण बाईसाहेब अजून धावतायत. 2005 साली आलेल्या टाटा एसला आपण ‘छोटा हत्ती’ म्हणतो, इथे ती ‘कुट्टी यानै’. अर्थ तोच, लहानसा हत्ती!

आता रंगांचं गणित. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, घरच्या वापराची. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे भाड्याने माणसं किंवा माल नेणारी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील, तर ती भाड्याने घेऊन स्वतः चालवायची गाडी. हिरवी पाटी विजेवर चालणाऱ्या गाडीची. त्यावर पांढरी अक्षरं असली तर खासगी, पिवळी असली तर व्यवसायाची.

खासगी गाडीची नोंदणी एकदा केली की 15 वर्षं चालते. पिवळ्या पाटीच्या गाडीला ठरावीक मुदतीने फिटनेस तपासणी करून घ्यावी लागते. भाड्याने प्रवासी न्यायचे तर परमिट लागतं, विमाही वेगळा आणि महाग. म्हणून काही जण पांढऱ्या पाटीवरच मुलांची ने-आण करतात.

आमच्या इमारतीतली चार मुलं अशाच व्हॅनने जायची. एकदा मी वॅनवाल्या अण्णांना विचारलं, “पिवळी पाटी का नाही लावत?” ते रागावले नाहीत. म्हणाले, “लावतो की अम्मा. पण मग महिन्याचे पैसे वाढवावे लागतील. तुम्ही सगळे द्याल?” मी गप्प झाले. कारण वर्षाच्या सुरुवातीला महिन्याच्या दोनशे रुपयांसाठी त्यांच्याशी घासाघीस करणाऱ्यांत मीही होतेच.

अण्णा माणूस चांगला. गाडी जपून चालवायचे, उशीर झाला तर फोन करायचे. पण विम्याचा कागद स्वभाव बघत नाही. खासगी गाडीच्या विम्यात भाड्याने प्रवासी नेणं बसत नाही. उद्या काही झालं, तर कंपनी दावा नाकारू शकते. मग जखमी मुलाचे आई-वडील भरपाईसाठी कोर्टाच्या पायऱ्या चढणार आणि अण्णा आयुष्यभराच्या कर्जात बुडणार. वाचवलेले दोनशे रुपये कुणाच्याच कामाचे नाहीत.

पिवळी पाटी असली म्हणजे झालं, असंही नाही बरं का. 2012 मध्ये इथे तांबरमजवळ शाळेच्या बसच्या तळाला पडलेल्या भोकातून एक लहान मुलगी खाली पडून गेली. त्यानंतर तमिळनाडूने त्याच वर्षी शाळेच्या बससाठी खास नियम केले. महाराष्ट्रात असे नियम 2011 पासून आहेत. पण नियम कागदावर असतो. सीट, दार, गाडीचा तळ रोज डोळ्यांनी पाहायचं काम आपलंच.

म्हणून इतकंच करा. फोनवर एमपरिवाहन अॅप घ्या आणि गाडीचा नंबर टाका. गाडी कुठल्या प्रकारात नोंदलेली आहे, विमा आणि फिटनेस कधीपर्यंत आहे, ते दोन मिनिटांत कळेल. परमिट पाहायला मागा. बसायच्या जागा किती आणि मुलं किती, तेही मोजा.

आणि व्हॅनवाल्या काकांवर एकदम ओरडू नका. आधी इतर पालकांना गाठा आणि सगळे मिळून थोडे जास्त पैसे द्यायला तयार व्हा. आम्ही तेच केलं. परवा अण्णा दुसरी व्हॅन घेऊन आले, पिवळ्या पाटीची. मुलं नेहमीसारखी खिडकीसाठी भांडत आत चढली. मी मात्र व्हॅन वळेपर्यंत फाटकात उभी होते.