लिनक्स म्हणजे जीलिबसी नव्हे

‘सोर्स आहे ना? मग स्वतः बिल्ड कर की!’ मुक्त सॉफ्टवेअरच्या गोतावळ्यात हे वाक्य आशीर्वादासारखं फेकलं जातं. माझा त्याला आक्षेप आहे. सोर्स हातात असणं आणि तो आपल्या मशीनवर बिल्ड होणं, यांच्या मध्ये सी भाषेची प्रमाण लायब्ररी उभी असते. आणि बहुतेक प्रोग्रॅमर जगात ती एकच आहे असं धरून चालतात.

ती एक नाही. डेबियन, उबुंटू, फेडोरावर ग्नूची जीलिबसी असते, अल्पाइनवर मसल. तुम्ही हे अँड्रॉइड फोनवर वाचत असाल तर तुमच्या हातात गूगलची बायोनिक आहे. कर्नल तिन्हीकडे लिनक्सच. करारही लेखी आहे: सीचं आयएसओ मानक आणि पॉझिक्स. पण करार वाचतो कोण?

आपल्या मशीनवर चाललं की झालं, असं म्हणून लोक सरळ एरर डॉट एच किंवा एक्झेकइन्फो डॉट एच ही हेडरं घेतात. दोन्ही मानकांत ती नाहीत, मसलमध्येही नाहीत. इथे बिल्ड निदान तोंडावर तरी पडतो. स्ट्रएरर_आर हे फंक्शन जास्त लबाड. पॉझिक्सप्रमाणे ते पूर्णांक परत करतं, ग्नूच्या अवतारात मजकुराचा पॉइंटर. ग्नूच्या भरवशावर लिहिलेला सी कोड मसलवर जुना कंपायलर नुसता इशारा देऊन पुढे जाऊ देतो. मग नेमकी एखादी चूक सांगायची वेळ आली की संदेश गायब होतो, नाहीतर प्रोग्रॅमच आडवा.

थ्रेडच्या स्टॅकचंही तेच. जीलिबसीवर तो सहसा ८ एमबी मिळतो, मसलवर ठरावीक १२८ केबी. खोल रिकर्शन कोसळलं की हे म्हणणार, ‘मसल फालतू आहे.’ अहो, ८ एमबीचं वचन कुठल्या मानकानं दिलं होतं? हवा तेवढा स्टॅक मागून घ्यायची सोय पॉझिक्समध्ये आहे. ती वापरायला एक ओळ लागते.

मसल सोवळी आहे असंही नाही. मोठी डीएनएस उत्तरं टीसीपीवरून आणायची सोय तिनं २०२३ मध्ये, १.२.४ या आवृत्तीत दिली. हा निव्वळ हट्ट होता. पण स्वतःची ओळख सांगणारा मॅक्रो ती मुद्दाम देत नाही, ते मला पटतं. नाव विचारू नका, सुविधा आहे का ते तपासा.

जीलिबसीच्या घरातही सगळं आलबेल नाही. जुन्या जीलिबसीवर बांधलेला प्रोग्रॅम नव्यावर चालतो, आणि हे श्रेय तिला द्यायलाच हवं. उलटं मात्र होत नाही. ऑगस्ट २०२१ च्या २.३४ पासून प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या मुळातल्या फंक्शनलाच नवा आवृत्तीचा शिक्का बसला. त्यामुळे उबुंटू २२.०४ वर नेहमीच्या पद्धतीनं बांधलेला साधा ‘हॅलो वर्ल्ड’सुद्धा २०.०४ वर उघडत नाही. कॉलेजच्या लॅबमधली मशीनं विद्यार्थ्याला अपग्रेड करता येत नाहीत, पासवर्ड त्याच्याकडे नसतो. त्याच्यासाठी ‘मुक्त’ सॉफ्टवेअर तिथेच संपतं.

यावर ठरलेलं उत्तर: डॉकर वापर. म्हणजे लेखकानं अर्धा तास वाचवायचा आणि त्याची भरपाई वाचकानं रोजच्या दीड जीबीच्या डेटा पॅकमधून करायची! शिवाय त्याच लॅबमध्ये डॉकर बसवायची परवानगी कोण देणार?

हे अशक्य आहे असं कुणी सांगू नये. पायथॉनवाल्यांनी ते केलंय. मेनीलिनक्स२०१४ ची पॅकेजं जीलिबसी २.१७ वर चालतील अशी बांधतात, आणि २०२१ मध्ये मसलसाठी मसललिनक्स हा वेगळा शिक्काही ठरवला. बिल्ड सर्व्हरवर अल्पाइनची एक जादा फेरी लावायची आणि रिलीज जुन्या डिस्ट्रोवर बांधायचं, एवढंच मागणं आहे. तेही जमत नसेल, तर रीडमीमधला ‘लिनक्सवर चालतं’ हा शब्दप्रयोग खोडा आणि ‘जीलिबसी २.३४ किंवा त्यापुढची हवी’ असं ठळक लिहा.