रापामायसिन घेताना रक्तातील चरबीकडे पाहा



गेल्या अंकातील पत्रलेखकाने रापामायसिनची भलामण करताना ‘उंदरांचे आयुष्य वाढले, मग माणसाचे का नाही?’ असा सवाल केला आहे. 2009 चा तो प्रयोग खरा आहे. पण या औषधाने माणसाचे आयुष्य वाढते, हे अजून सिद्ध झालेले नाही. अमेरिकेत 1999 साली त्याला मान्यता मिळाली ती प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराने नाकारू नये म्हणून. त्याच रुग्णांत कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड वाढल्याचे वारंवार दिसले. आठवड्यातून एकदा अल्प मात्रा घेणाऱ्यांत हे प्रमाण कमी असेलही, पण रक्त तपासल्याशिवाय कळणार कसे?

औषधांच्या दुकानात आयुष्य गेले, म्हणून कळकळीने सांगतो, सोबतच्या औषधांकडेही पाहा. छातीत दुखते म्हणून डिल्टियाझेम घेणारे पुष्कळ आहेत. ते यकृतातील जे विकर अडवते, त्याच विकराने रापामायसिनचा निचरा होतो. परिणामी गोळी तेवढीच, पण रक्तातली पातळी चढते. क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाचेही तेच.

उलट कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन औषधांचा पुरावा माणसांतला आहे. 1994 च्या स्कँडिनेव्हियन चाचणीत 4,444 हृदयरुग्ण होते. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. रापामायसिनवर एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) वाढले, तर दीर्घायुष्याच्या आशेवर ते अंगावर काढू नये.

ज्यांना हे औषध घ्यायचेच आहे, त्यांनी आधी आणि नंतरही लिपिड प्रोफाइल करावे, जमल्यास अपो-बी (वाईट कोलेस्टेरॉल वाहणाऱ्या कणांवरील प्रथिन) तपासावे आणि चालू गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवावी, ही विनंती.

– एक निवृत्त औषधविक्रेता, सांगली